बळ पोलिसांचे, लेखणीही पोलिसांची

जानेवारी २००३मध्ये मुंबई पोलिसांच्या एका पथकाने नगर जिल्ह्यातल्या पारनेर पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. घाटकोपर बॉम्बस्फोटातल्या एका संशयिताला औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि त्या गडबडीत तो पळून गेला, असे तिच्यात लिहिले होते. नोव्हेंबर २०१७मध्ये सांगलीतून अशीच बातमी आली. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेले दोघे पोलिसांच्या तावडीतून निसटले, असे सांगितले गेले. पहिल्या प्रकरणातला ‘पळालेला’ तरुण इंजिनिअर नंतर कधीच कोणाला दिसला नाही. तो कोठडीतच मरण पावला आणि अपघात हा बनाव होता, असा निष्कर्ष पुढे सीआयडीने काढला. सांगलीच्या प्रकरणात दोघांपैकी एकाचा ठाण्यातच मारहाणीत जीव गेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे काही दिवसांतच उघड झाले.

या दोन घटनांमध्ये जवळपास पंधरा वर्षे गेली. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, हा कायदा याच काळात लागू झाला. पोलीस सुधारणांचा ऐतिहासिक निकाल आला, चकमकींविषयी सोळा कलमी नियमावली आली. अटकेच्या वेळी पाळायचे नियम तर त्याआधीपासून ठाण्याठाण्याच्या भिंतीवर टांगलेले होते. तरीही सांगलीतल्या ठाण्यात वेळ आली तेव्हा बनाव सुचला तो पारनेरचाच.

पोलिसांच्या बळाच्या वापरावर आपल्याकडे चर्चा पुष्कळ होते. मानवी हक्कवाले एका बाजूला, ‘पोलिसांचे हात बांधू नका’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये न्यायालये. दोन्ही बाजू बळ किती वापरावे यावरच भांडतात. त्याआधीचा एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. बळ वापरल्यानंतर पहिली नोंद कोण करतो? स्टेशन डायरीतली ओळ, पंचनामा, पहिली फिर्याद, डॉक्टरकडे पाठवायचे पत्र हे सगळे कागद त्याच ठाण्यात तयार होतात, बहुतेकदा ज्यांनी हात उचलला त्यांच्याच हाताने. पुढची चौकशी, खटला आणि आयोग या कागदांवर उभे राहतात. महाराष्ट्रातल्या गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवाचा हा आढावा त्याच प्रश्नाभोवती आहे.

कायदा काय देतो

पोलिसांना बळ वापरण्याचा अधिकार आहे, आणि तो असायलाच हवा. अटकेला विरोध करणाऱ्याला आवश्यक तेवढ्या ताकदीने धरता येते. मात्र ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही अशा माणसाचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार कायदा देत नाही. बेकायदा जमाव आधी आदेश देऊन आणि मग बळाने पांगवता येतो. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला आहे, पण तो कोणाही नागरिकाला असतो तेवढाच आहे. वर्दीमुळे त्यात भर पडत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या या तरतुदी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जवळपास तशाच आल्या आहेत.

कोठडीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. पकडलेला, निःशस्त्र, कुलपात बंद केलेला माणूस कोणाला धोका नसतो. त्याच्यावर माहिती काढण्यासाठी हात उचलण्याची मुभा कोणत्याच कलमात नाही. कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणे हा १८६०च्या दंडसंहितेपासून स्वतंत्र गुन्हा आहे. थोडक्यात, नियमांचा तुटवडा हे आपले दुखणे नाही.

मार कशासाठी?

मग कोठडीत मार का पडतो? क्रौर्य, विकृती, लाचखोरी ही उत्तरे काही प्रकरणांत खरी असतील. पण रोजच्या मारहाणीमागे तपासाचे एक व्यवहारी गणित आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे इंग्रजांनीच १८७२च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवले. मद्रास इलाख्यातल्या पोलिसी छळाची सरकारी चौकशी १८५५मध्ये झाली होती आणि राज्यकर्त्यांना आपले पोलीस काय करतात हे ठाऊक होते. पण त्याच कायद्याच्या २७व्या कलमाने एक खिडकी उघडी ठेवली. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग पुरावा ठरतो. म्हणून चाकू, दागिने, रक्ताचे कपडे ‘काढून देण्याला’ तपासात सोन्याचे मोल आले. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागत असतील आणि वरून ‘चोवीस तासांत छडा लावा’ असा फोन येत असेल, तर सर्वांत स्वस्त साधन हाताशीच असते. नव्या साक्ष अधिनियमातही ही खिडकी कायम आहे.

महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले. संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का हा कायदा १९९९मध्ये आला आणि त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य ठरला. त्याची किंमत काय असू शकते हे मुंबईच्या लोकलगाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दिसले. ११ जुलै २००६च्या त्या स्फोटांत १८०हून अधिक माणसे गेली. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवायला न्यायालयाने नकार दिला आणि छळाच्या तक्रारींना वैद्यकीय कागदपत्रांचा आधार असल्याचेही म्हटले. हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे आणि सरकारचे अपील तिथे आहे. अंतिम निर्णय काहीही होवो, स्फोटात आप्त गमावलेल्यांच्या हातात एकोणीस वर्षांनी काय उरले? मारून घेतलेली कबुली आरोपीवर अन्याय करतेच, पण खरा गुन्हेगार मोकळा राहण्याची सोयही करते. ‘गुन्हेगारांचे कसले मानवी हक्क’ असे विचारणाऱ्यांनी या खटल्याचा विचार जरूर करावा.

देसाईगंजपासून निघालेली वाट

पुराव्याचा प्रश्न महाराष्ट्रानेच एकदा देशापुढे मांडला होता. २६ मार्च १९७२च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ती ‘मथुरा’ या नावाने देशाला माहीत झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क होता. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तिचे म्हणणे खरे धरून चालेल, असे ठरले.

बंद दाराआडच्या गुन्ह्यात साक्षीदार कुठून आणायचा, या प्रश्नाला हे नेमके उत्तर होते. तोच तर्क मारहाणीलाही लागू पडतो, आणि तो लगेच पुढे आलाही. जानेवारी १९८५मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कोठडी मृत्यूच्या निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी सरकारला सुचवले की अशा गुन्ह्यांत पुराव्याचा भार बदलावा. कोठडीत काय घडले हे फक्त पोलीसच सांगू शकतात आणि ते एकमेकांना सांभाळून घेतात, हे त्यामागचे निरीक्षण होते. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात पुरावा कायद्यात ११४-ब हे कलम घालण्याची शिफारस केली. माणूस कोठडीत असताना त्याला इजा झाली असेल, तर ती कोठडीतल्या पोलिसाने केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला त्यातून मिळाली असती. २०१७मध्ये २७३व्या अहवालात आयोगाने पुन्हा तेच सांगितले आणि छळविरोधी कायद्याचा मसुदाही दिला. २०२३मध्ये पुरावा कायदा मुळापासून नव्याने लिहिला गेला. ही चाळीस वर्षे जुनी शिफारस त्यातही आली नाही.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देऊन बांधून घेतलेले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि पुढे बारगळले. सरकारे बदलली तरी या विषयावरचे मौन बदलले नाही.

चकमक आणि मेलेल्यावर दाखल गुन्हा

मुंबईतल्या चकमकींची कहाणी बहुतेक जण १९८२मध्ये वडाळ्यात मारल्या गेलेल्या मन्या सुर्वेपासून सुरू करतात. नव्वदच्या दशकात खंडणी, बिल्डरांचे खून आणि टोळीयुद्ध यांनी शहर हैराण झाले होते. साक्षीदार उलटत, खटले रेंगाळत आणि जामिनावर सुटलेला शूटर आठवड्यात पुन्हा कामाला लागे. या पार्श्वभूमीवर ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ नावाचे नवे नायक तयार झाले. त्यांच्या नावापुढे बळींचा आकडा लिहिला जाऊ लागला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर ते झळकले आणि २००४मध्ये नाना पाटेकरांच्या ‘अब तक छप्पन’ने तो आकडा चित्रपटाच्या शीर्षकातच नेला. टोळ्यांचा जोर ओसरला हे खरे. पण त्याच काळात मोक्का आला, टोळीप्रमुख परदेशात स्थिरावले, बार आणि जमिनीचे अर्थकारण बदलले. सगळे श्रेय पिस्तुलाला देता येत नाही. शिवाय याच अधिकाऱ्यांपैकी काहींवर पुढे खंडणीचे, सुपारीचे आणि खुनाचे गुन्हे दाखल झाले. कोणाला मारायचे हे ठरवण्याचा अधिकार एकदा बाजारात आला की त्याला गिऱ्हाइके मिळतात.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेले. त्यांच्या खरेपणाला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने आव्हान दिले. त्या याचिकेचा शेवट सप्टेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. सरन्यायाधीश लोढा यांच्या पीठाने सोळा निर्देश दिले. प्रत्येक चकमकीत गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्यावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत पदक किंवा बढती देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे.

पण गुन्हा कोणावर? रिवाज असा की चकमकीनंतर गुन्हा नोंदला जातो तो मेलेल्या माणसावर, पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केल्याबद्दल. फिर्यादी पोलीस, आरोपी मृत. आरोपीच हयात नसल्याने प्रकरण आपोआप मिटते. पहिली नोंद कोणाच्या हातात आहे हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. २००६मध्ये वर्सोव्यात दाखवलेल्या एका चकमकीत ही साखळी तुटली, कारण मृताचा भाऊ वकील होता. माणूस पळवून नेल्याच्या तारा त्याने चकमकीची बातमी येण्याआधीच वरिष्ठांना पाठवल्या होत्या. पोलिसांच्या नोंदीआधीची एक नोंद अस्तित्वात होती. उच्च न्यायालयाने विशेष पथक नेमले, २०१३मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना शिक्षा झाली आणि मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तेव्हा सुटलेल्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली. तो निकाल आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. भाऊ वकील नसता तर?

लोकभावनेचा भाग वेगळा. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पोलिसांनी ठरवून गोळीबार केला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, असे त्या आयोगाने २०२२मध्ये सांगितले. सप्टेंबर २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराचा आरोपी पोलीस गाडीत, मुंब्रा बायपासजवळ मारला गेला, तेव्हा ‘बदला पुरा’ असे फलक लागले. लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनीच तासन्‌तास लावले होते आणि त्याबद्दल निलंबनही झाले होते, हे त्या जल्लोषात विरून गेले. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका आला, तरी त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला सरकार राजी नव्हते. एप्रिल २०२५मध्ये उच्च न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला. मृताच्या आईवडिलांनी मध्येच खटला चालवायची आपली तयारी नसल्याचे सांगितले होते. तरीही न्यायालयाने प्रकरण सोडले नाही, म्हणून ते जिवंत राहिले.

जमावापुढची बंदूक

रस्त्यावरचे बळ कोठडीतल्यापेक्षा वेगळे असते. तिथे निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो, दगड खरे असतात आणि भीतीही खरी असते. म्हणून नियमही वेगळे आहेत. इशारा, अश्रुधूर, लाठी आणि अगदी शेवटी गोळी, अशी ती चढण आहे. तिच्या पायऱ्या गाळल्या गेल्या की काय होते याचे दाखले महाराष्ट्रात विखुरलेले आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली, त्यातली बहुसंख्य पोलिसांच्या गोळ्यांनी. हे राज्यच त्या स्मृतीवर उभे आहे, हुतात्मा चौक त्याची साक्ष देतो.

१९९२-९३च्या मुंबई दंगलींच्या चौकशीत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली. त्यातले ३५६ पोलीस गोळीबारातले होते, म्हणजे भोसकून मारल्या गेलेल्यांपेक्षाही जास्त. आयोगाने ३१ पोलिसांची नावे घेतली. १९९८मध्ये आलेल्या या अहवालावरची कारवाई नगण्य राहिली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण ठार झाले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९मध्ये आदेश देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली. गोळीबाराबद्दल अधिकाऱ्याला शिक्षा होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तिलाही बारा वर्षे लागली आणि अपिलात त्याला जामीन मिळाला. ऑगस्ट २०११मध्ये मावळात, पवना धरणाच्या जलवाहिनीविरोधात द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे गेले. पुन्हा आयोग नेमला गेला.

चौकशी आयोग हा आपल्याकडे राग शांत करण्याचा मान्य मार्ग झाला आहे. १९५२च्या आयोग कायद्याखाली निघालेले निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात आणि न्यायालयात थेट पुरावाही ठरत नाहीत. अहवाल येईपर्यंत अधिकारी निवृत्त होतात, साक्षीदार गाव सोडतात.

याउलट १ सप्टेंबर २०२३ रोजी जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा काही दिवसांतच पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले आणि गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली. म्हणजे सरकारला जबाबदारी घेता येते. समोरच्यांची संख्या मोठी असेल आणि निवडणूक जवळ असेल, तर ती चटकन घेताही येते.

कोणाच्या पाठीवर?

म्हणूनच संख्याबळ नसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतो. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्या जमाती १९५२मध्ये कागदावर मुक्त झाल्या. पण पारध्यांच्या पालावर चोरीनंतरचा पहिला छापा आजही ठरलेला असतो. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने हे जग मराठी वाचकांच्या घरात आणले. १९९८मध्ये बारामतीत एका पारध्याचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम उभे केले. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी काही दिवसांतच न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला धक्का हे कारण नोंदले गेले. विधानसभेत मात्र छळ झाला नाही, असे सांगितले गेले. जुलै २०२५मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धचे सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. इथेही न्यायालयात उभी राहिली ती मृताची आई.

वर्दीच्या आतली बाजू

पोलिसांचे म्हणणे ऐकल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या २०१९च्या अभ्यासात देशातला पोलीस सरासरी दिवसाला चौदा तास काम करतो, असे दिसले. मुंबईत आठ तासांची पाळी सुरू झाली ती रवींद्र पाटील या शिपायाने मांडलेल्या वेळापत्रकामुळे. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६मध्ये देवनार ठाण्यात ते करून पाहिले आणि मग इतर ठाण्यांत नेले. बंदोबस्तातून परतलेला, न झोपलेला माणूस चौकशीच्या खोलीत काय करेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

संयमाची बक्षिसी काय मिळते तेही पाहायला हवे. ऑगस्ट २०१२मध्ये आझाद मैदानात हिंसक जमावाने पोलिसांवर हल्ला केला, महिला पोलिसांशी गैरवर्तन झाले. आयुक्त अरूप पटनायक यांनी मोठा गोळीबार टाळला, दंगल शहरभर पसरली नाही. काही दिवसांत त्यांची बदली झाली. गोळी न चालवल्याबद्दल जाब विचारला जातो आणि चालवल्याबद्दल पाठ थोपटली जाते, हे खालच्या शिपायाला बरोबर कळते.

त्याच अभ्यासात ३७ टक्के पोलिसांना किरकोळ गुन्ह्यात खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी असे वाटत होते. हे मत त्यांनी समाजाकडूनच घेतले आहे. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने तोंड उघडले’ हे वाक्य आपली वर्तमानपत्रे कौतुकाने छापतात. पाकीट मारले गेलेला माणूसही ठाण्यात जाऊन ‘चार लावा त्याला’ म्हणतो. आणि खटला भरलाच तर तो शिपाई, हवालदार, फौजदारावर. ‘काहीही करून छडा लावा’ असे सांगणारा फोन कोणत्याच आरोपपत्रात येत नाही.

दारे किती, उघडी किती

तक्रारीची दारे मोजली तर बरीच आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कोठडी मृत्यूची खबर चोवीस तासांत द्यावी लागते. पण आयोग फक्त शिफारस करतो आणि वर्षाहून जुन्या घटनेत हात घालू शकत नाही. भरपाई मिळते ती करदात्याच्या पैशातून. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात सप्टेंबर २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण मागितले होते. महाराष्ट्राने २०१४मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभाग पातळीवर ती केली. जिल्हा गळला, आणि गडचिरोलीच्या माणसाला तक्रारीसाठी नागपूर गाठणे आले.

डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात, कोठडीत आणि व्हरांड्यात आवाजासह सीसीटीव्ही लावून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरी नेमक्या वेळी कॅमेरा बंद असणे हा नित्याचा अनुभव आहे. राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातम्या वाचून सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या विषयात पुन्हा स्वतःहून लक्ष घालावे लागले. कॅमेरा ठाण्याचा आणि त्याची चावीही ठाण्याकडे, मग वेगळे काय होणार?

त्यात सरकारी मंजुरीची भिंत. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला सरकारची परवानगी लागते. प्रामाणिक अधिकाऱ्याला सुडाच्या खटल्यांपासून वाचवणे हा तिचा हेतू रास्त आहे. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरण्याची तरतूद आली, हे चांगले झाले. पण घाटकोपर बॉम्बस्फोटातल्या त्या संशयिताच्या मृत्यूप्रकरणी सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला आणि मंजुरी चौघांपुरतीच मिळाली. त्यांना २०२०मध्ये सेवेत परतही घेतले गेले. त्याच स्फोटाच्या खटल्यातले इतर आरोपी मात्र २००५मध्येच निर्दोष सुटले होते.

या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात १,८८८ कोठडी मृत्यू नोंदले गेले. पोलिसांवर गुन्हे ८९३, आरोपपत्र ३५८ जणांवर, आणि शिक्षा २६ पोलिसांना.

बाहेर काय झाले

हा प्रश्न फक्त आपला नाही आणि उत्तरेही अप्राप्य नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये १९८४च्या कायद्याने ठाण्यात तपासापासून अलिप्त असा कोठडी अधिकारी आणि चौकशीचे ध्वनिमुद्रण आणले. उत्तर आयर्लंडमध्ये यादवीनंतर पोलीस दलाची फेररचना होताना २०००पासून पोलीस ओम्बड्समन काम करू लागला. त्याच्याकडे स्वतःचे तपास अधिकारी आहेत आणि पोलिसांच्या कारवाईत मृत्यू झाला की तपास त्यांच्याकडे जातो. दक्षिण आफ्रिकेनेही वर्णद्वेषी राजवटीनंतर स्वतंत्र तपास यंत्रणा उभी केली. या संस्थांवरही दिरंगाईची आणि दुबळेपणाची टीका होते. पण घटनेची पहिली नोंद आणि पहिला तपास संबंधित ठाण्याच्या हातातून काढून घेणे हे तिथे तत्त्व म्हणून मान्य झाले आहे.

करायचे काय

नव्या संहितेत झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे झाले आहे, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणेही. ही पावले योग्य दिशेची आहेत. त्याच संहितेने पंधरा दिवसांची पोलीस कोठडी तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत पसरून मागण्याची सोयही दिली आहे. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो, आणि दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार करताना ही भीती त्याच्या मनात असणार.

नवी नियमावली लिहिण्यापेक्षा तीन गोष्टी केल्या तर जुन्या नियमावल्यांत जीव येईल. एक, विधी आयोगाने दोनदा सुचवलेले इजेच्या गृहीतकाचे कलम साक्ष अधिनियमात घालणे. माणूस धडधाकट आत गेला आणि जखमी किंवा मृत बाहेर आला, तर काय झाले ते पोलिसांनी सांगावे. दोन, कोठडी मृत्यू, चकमक आणि गोळीबार यांचा तपास पहिल्या तासापासून पोलीस खात्याबाहेरच्या, स्वतःचे तपास अधिकारी असलेल्या यंत्रणेकडे देणे, आणि गुन्हा मारल्या गेलेल्यावरच नव्हे तर मारण्याच्या घटनेचाही नोंदवणे. तीन, कोठडीचे चित्रण आणि अटकेच्या वेळची वैद्यकीय तपासणी ठाण्याच्या ताब्यातून काढून जिल्हा न्यायालयाच्या देखरेखीखाली आणणे. प्रामाणिक पोलिसाचे यात नुकसान काहीच नाही. खोट्या आरोपातून सुटायला त्यालाही परक्या हाताने केलेली नोंदच उपयोगी पडेल.

मथुरेसाठी चार प्राध्यापक उभे राहिले, वर्सोव्याच्या प्रकरणात वकील भाऊ होता, परभणीत आई होती. गेल्या पन्नास वर्षांत जिथे जिथे थोडीफार जबाबदारी ठरली, तिथे ती अशा कोणाच्या तरी चिकाटीमुळे ठरली. व्यवस्थेने आपणहून ठरवली असे उदाहरण शोधावे लागते. ज्याच्यामागे कोणीच उभे राहिले नाही, त्याच्या बाबतीत ठाण्यात लिहिलेली पहिली ओळच शेवटचे सत्य ठरली असणार. अशा किती ओळी आपल्या दप्तरांत पडून आहेत, हे त्या लिहिणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात त्या ओळीपासूनच व्हायला हवी.